तिसरी मागणी

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवरच बोलणार होतो. पण तुझा फोन तुझा सचिव उचलतो आणि दर वेळी "मॅडमना कळवतो" म्हणतो. त्याला काय सांगू? मॅडमचा धाकटा भाऊ मॅडमवर चिडलाय, एवढं कळवा? म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या घरच्या पत्त्यावर.

काल तुझं भाषण होतं म्हणून लाँड्रीतला टीव्ही मोठा केला होता. चादरी घड्या घालणाऱ्या बायका, गाडीवाला, बॉयलरवाला, सगळे कामं टाकून समोर उभे. विरोधी पक्षनेती झाल्यावरचं तुझं पहिलं मोठं भाषण. मी तर छाती फुगवून सगळ्यांच्या पुढे. आणि तू म्हणालीस, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ हॉस्पिटलच्या चादरी धुतात. त्यांचा बॉयलर निम्मा आठवडा थंड असतो, कारण पेटवणं परवडत नाही. पण विजेचं बिल काही थंड होत नाही!"

सभागृहात बाकं वाजली. इकडे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

गावात हॉस्पिटलच्या चादरी धुणारे गृहस्थ किती आहेत, ताई? संध्याकाळी गाडीवाल्याने हळूच विचारलं, "शेठ, आम्ही दुसरीकडे बघून ठेवायचं का?" आज सकाळी हॉस्पिटलचे भांडारप्रमुख स्वतः आले. चहा घेतला आणि "तुमचं बरं चाललंय ना?" असं विचारलं. पेशंटला विचारतात तशा आवाजात.

तू खोटं बोलली नाहीस, हीच तर पंचाईत आहे. पण मी तुला जेवताना जे सांगितलं ते बहिणीला सांगितलं होतं, सभागृहाला नाही.

भाषण मात्र फक्कड झालं. हिला विचार. डोळे पुसत होती.

तुझा,
ढब्बू


९ फेब्रुवारी

ढब्बू,

गाडीत बसून लिहितेय, अक्षर नाचणारच. पुढची सभा तासाभरावर आहे, रस्ता खड्ड्यांचा आहे आणि मागच्या सीटवर तीन माणसं एकमेकांच्या कानात माझ्याचबद्दल बोलताहेत.

चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? बोलायला उभी राहिले तेव्हा माझ्यासमोर नुसते आकडे होते आणि समोरची बाकं जांभया देत होती. तेवढ्यात तुझा तो थंड बॉयलर आठवला. तोंडातून निघून गेला, आणि सगळं सभागृह जागं झालं.

आता ऐक. पक्ष या अधिवेशनात ठराव आणतोय, आणि तो मी मांडणार आहे. दोन मागण्या पक्क्या आहेत. एक, छोट्या धंद्यांच्या बिलातला स्थिर आकार बंद करायचा. यंत्र चालो न चालो, वीज जळो न जळो, पैसे द्यायचे ते कशाचे? दोन, घरगुती विजेवरचा कर निम्म्यावर आणायचा. परवा एका इमारतीत गेले होते. चौथ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "आम्ही संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसतो. मुलांना वाटतं, आई किती प्रेमळ आहे. मी दिवे वाचवत असते." हसत हसत सांगत होती रे. मला जिन्यात उभं राहावं लागलं थोडा वेळ.

धंद्याचा खर्च उतरला की माल स्वस्त होतो आणि घराचाही खर्च उतरतो. एवढी साधी गोष्ट सरकारला का कळत नाही?

तुला आणखी कशाकशाचा जाच होतो ते कळव. तुझं नाव येणार नाही, शब्द देते. मास्तरीणबाईंना सांग, शाळा सोडून तुझ्या काउंटरवर बसायचं धाडस केल्याबद्दल त्यांचाही सत्कार ठेवणार आहे.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

राग गेला, पण तुझी ती साधी गोष्ट तेवढी साधी नाही बरं का. उद्या स्थिर आकार गेला तर मी धुलाईचा दर उतरवीन असं कुणाला सांगू नकोस. मी आधी वाफेची पाइपलाइन बदलीन. मग गाडीवाल्याचा रखडलेला पगार. मग कुठे उरलंच तर दर. समोरच्या बेकरीवाल्याला विचारलं, तोही हेच म्हणाला. फक्त त्याला आधी भट्टी बदलायची आहे. तेव्हा स्वस्ताईचं वचन जपून दे.

जाच विचारलास ना? मग बॉयलरची तपासणी. दर वर्षी बॉयलर गार करायचा, उघडून ठेवायचा, निरीक्षकाची वाट बघायची. तो येणार त्याच्या सवडीने. तोवर हॉस्पिटलच्या चादरी दुसऱ्याच्या दारात. फी वेगळी, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्यायचा तो खर्च वेगळा. बरं, इतक्या वर्षांत काही निघालंय का? काही नाही. मी रोज त्या बॉयलरसमोर उभा असतो. माझ्याइतका तो कोण ओळखतो?

या महिन्यात पुन्हा ती कटकट आहे. पत्र पाठवून मुदत मागावी म्हणतो. तुझ्या भाषणानंतर भांडारप्रमुख आधीच साशंक झालेत. आता काम थांबवलं तर गेलंच समज.

ढब्बू


२० फेब्रुवारी

ढब्बू, तू सोनं दिलंस!

तपासणीचा मुद्दा बैठकीत मांडला आणि व्यापारी संघाचे अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "बाई, हे बोला, बाकीचं आम्ही बघतो." संघ आमच्यामागे उभा राहिला तर सत्ताधाऱ्यांतलेही काही जण फुटतील. आता ठरावात तिसरी मागणी आली आहे: छोट्या कारखान्यांना दर वर्षीच्या तपासणीतून सूट, मालकाने स्वतः लिहून दिलं की पुरे. पक्षाध्यक्ष तर तीच पहिली घ्या म्हणतात. पोस्टरही छापायला गेली.

तुझ्या मुदतीचं काय ते बघ, पण घाई करू नकोस. थोडं ढकल. ठराव पार पडला तर ती कटकट पुन्हा करावीच लागणार नाही.

दर उतरवण्याबद्दल लिहिलंस ते पटतं आणि पटतही नाही. त्यावर भांडू, पण समोरासमोर. इथे मला भांडायलासुद्धा वेळ नाही. झोप तुटक येते. उठले की वाटतं काहीतरी राहिलंय, आणि काय राहिलंय ते आठवत नाही.

ताई


५ मार्च

ताई,

पत्राला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. बोट जरा दुखावलंय म्हणून हिच्याकडून लिहून घेतोय. काळजीचं काही नाही.

लाँड्री थोडे दिवस बंद ठेवली आहे. किरकोळ दुरुस्ती. हो, पाइपलाइनच. तुला म्हटलं होतं ना.

तू ठरावाचं बघ. इकडे येऊ नकोस. आलीस तर तुझ्यामागे पत्रकार येतील आणि मला दाढी करावी लागेल.

ढब्बू


८ मार्च

ढब्बू,

मास्तरीणबाईंचं अक्षर बघून शाळेत गेल्यासारखं वाटलं. एकही खाडाखोड नाही! पुढची सगळी पत्रं त्यांच्याच हातून येऊ देत, तुझी गिचमिड वाचायला मला चष्मा बदलावा लागतो. आणि बोट दुखावलं म्हणून पत्र दुसऱ्याकडून लिहून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. लहानपणी गृहपाठाच्या दिवशीही तुझं पोट दुखायचंच.

पाइपलाइन बदलतोयस हे छान. एक काम कर. नवी पाइप बसली की बॉयलरशेजारी उभा राहून हसरा फोटो पाठव. शब्द दिला होता ते माहीत आहे, नाव घालणार नाही. पण एका वर्तमानपत्राला 'खर्चाखाली दबलेला उद्योजक' हवा आहे, आणि तुझ्याइतकं गोल गरगरीत दबलेलं कुणी मला सापडत नाही.

चर्चा या महिन्याच्या शेवटी आहे.

ताई


१२ मार्च

ताई,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही.

मागचं पत्र ह्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत, ओठही पोळले आहेत. वाफेच्या पाइपचा सांधा सुटला. ज्या व्हॉल्व्हने जास्तीची वाफ बाहेर सोडायची, तो उघडलाच नाही. आत गंज धरला होता, असं नंतर बघायला आलेले लोक म्हणाले. बायका चहाला बाहेर गेल्या होत्या. गेल्या नसत्या तर त्या तिथेच, चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरपाशी, उभ्या असत्या. हे आत गेले होते घडीची चादर उचलायला. आवाज झाला तशी घडीवाली काकू पहिली धावली. तिनेच ह्यांना ओढून नळाखाली धरलं.

तपासणी झालेली नव्हती. मी दोनदा आठवण केली होती. हे म्हणाले, "ताईचा ठराव होऊ दे, मग हे झंझट संपेलच. तिनेही ढकल म्हणून लिहिलंय." तुमचं ते पत्र मी वाचलं आहे.

तुम्हाला दोष द्यायला मी लिहीत नाही. दोष वाटायला बसले तर आमच्याच घरात पुष्कळ आहे. पण तुम्ही फोटो मागितलात, ते मी ह्यांना वाचून दाखवलं आणि हे हसले. हसताना ओठांवरची खपली फुटली. ते मला सहन झालं नाही. तुमच्यापासून हे लपवून आम्ही तुमचीच फसवणूक करतो आहोत असं वाटलं.

आणखी एक. लाँड्री बंद पडून आहे. एक दिवा लागलेला नाही. आज विजेचं बिल आलं, स्थिर आकार पूर्ण लावलेला. तुम्ही त्याबद्दल जे बोलता ते खरंच आहे. तेही लिहायला हवं म्हणून लिहिलं.

हात नीट होतील म्हणतात. उजव्याला वेळ लागेल.

तुमची भावजय


१५ मार्च

ढब्बू,

काल आले, तुझ्या खाटेशेजारी बसले आणि उठून आले. काय बोलले मी? "डॉक्टर चांगले आहेत." "पंखा बरा चालतोय." दारात कार्यकर्ते, खिडकीत अर्धा वॉर्ड, आणि तू मला विचारत होतास की प्रवासात जेवलीस का.

परतताना गाडीत माझंच पत्र आठवत होतं. 'थोडं ढकल.' किती सहज लिहिलं होतं. ते लिहिताना मी बाहेर वाट बघणाऱ्या माणसांना हाताने थांबा म्हणत होते. तुझ्या बॉयलरचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हताच. पोस्टरचा होता.

मास्तरीणबाई मला सोडायला खाली आल्या. गाडीचं दार उघडून धरलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आज पक्षाध्यक्षांना सगळं सांगितलं. तिसरी मागणी मागे घेते म्हटलं. ते म्हणाले, "भाऊ वाचला ना? मग घरातली गोष्ट घरात ठेवा. संघ गेला तर ठराव गेला, आणि ठराव गेला तर तुमची खुर्चीही कशी राहील?" माणूस वाईट नाही. निवडणुकीचा हिशेब करतोय, त्याचं ते कामच आहे.

मला सभागृहात सांगायचं आहे. सगळं. पण या वेळी विचारते आधी. तू नको म्हणालास तर कारण न देता ती मागणी मागे घेईन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तुझ्या धंद्याचं काय होईल ते मला कळतं. तपासणी टाळणाऱ्याकडे हॉस्पिटल पुन्हा चादरी देईल का, तेही कळतं.

कळव. वाट बघतेय.

ताई


१८ मार्च

ताई,

लिहिणारी हीच, सांगणारा मी. ही मध्येच थांबून माझ्याकडे बघते तेव्हा मला बोलायचं सुचत नाही, तेव्हा तुकडे तुकडे असतील.

पहिला दिवस नको म्हणालो. रागच आला तुझा. बरं आहे, म्हटलं, एकदा ताईने माझा थंड बॉयलर विकला, आता भाजलेले हात विकणार. हिला म्हटलं, असंच लिही. हिने पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घडीवाली काकू भेटायला आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली. जाताना म्हणाली, "शेठ, लाँड्री चालू होणार ना? मी दुसरीकडे विचारलंय, पण तिथला बॉयलर तर तुमच्याहून जुना आहे." आणि गेली. रात्रभर—नाही, रात्रभर खोड, थोडा वेळ—मी त्या दुसरीकडच्या बॉयलरचा विचार करत होतो. त्याचा मालकही माझ्यासारखाच तुझ्या ठरावाची वाट बघत बसला असेल.

सांग. पण मला बिचारा करू नकोस. खर्च परवडत नव्हता हे खरं. पण व्हॉल्व्ह न तपासणं हे मी ठरवलं होतं. दोन्ही सांग. एक सांगून दुसरं गाळशील तर मी स्वतः पत्रकार बोलावीन, दाढी करून.

आणि स्थिर आकार सोडू नकोस. तो जाचच आहे.

ढब्बू


२८ मार्च

ढब्बू,

काल झालं. टीव्हीवर अर्धंच दाखवलं, म्हणून लिहिते.

सकाळी संघाचे अध्यक्ष दारात उभे होते. मी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. "बाई, एका माणसाच्या चुकीसाठी हजारोंचं नुकसान?" मी म्हटलं, "हजारोंना हीच चूक करायला मी सांगणार होते." ते तडक निघून गेले. आत जाताना आमच्या बाकांवर कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

पहिल्या दोन मागण्या मांडल्या. बंद लाँड्रीचं बिल वाचून दाखवलं. मग म्हटलं, "हे बिल माझ्या भावाचं आहे. त्याची लाँड्री बंद का आहे तेही ऐका." तू सांगितलंस तसं दोन्ही सांगितलं. माझं पत्रही सांगितलं, 'थोडं ढकल' या शब्दांसकट. आणि तिसरी मागणी मागे घेते म्हणाले.

मंत्री उठले. म्हणाले, "विरोधी पक्षनेत्यांचा अभ्यास घरूनच चालतो असं दिसतं." समोर हशा पिकला. मीही थांबले, हसू संपू दिलं. मग विचारलं, "तपासणी हवीच, मंत्रिमहोदय. मग निरीक्षक वेळेवर का येत नाही? त्याची वाट बघताना कारखाना किती दिवस बंद ठेवायचा? छोट्यांची फी सरकारने का भरू नये? खर्च उतरवा, म्हणजे तपासणी टाळावीशी वाटणार नाही." तेव्हा हशा नव्हता. टाळ्याही नव्हत्या. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सदस्याने, तेही त्यांच्या बाजूच्या, एकदाच बाक वाजवलं आणि शेजाऱ्याने बघितल्यावर हात मांडीवर ठेवला.

ठराव पडला. संघाच्या मर्जीतले आमचेच काही जण मतदानाला बाहेर होते. संध्याकाळी पक्षाध्यक्षांनी बोलावलं. नेतेपदावर नवा माणूस येतोय. मला मागची रांग मिळेल.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसतं भिरभिरल्यासारखं होतंय. कपाटं उघडते, बंद करते. त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईकडे पुन्हा जायचं आहे, तिला काय सांगायचं ते ठरत नाही. तिचा कर तेवढाच राहिला आणि माझ्या हातात आता काही नाही. तरी जाणार आहे.

हात कसे आहेत? खरं लिही.

ताई


२० एप्रिल

ताई,

हे माझं अक्षर. पेन अंगठा आणि दोन बोटांत धरावं लागतं, तेव्हा चष्मा बदल. डावा हात बराच सुधारलाय. उजव्याची कातडी ओढते. सकाळी मूठ वळत नाही, दुपारी वळते. खरं लिही म्हणालीस म्हणून.

संघाचा इथला माणूस आला होता. "तुमच्या बहिणीने सगळ्यांची वाट लावली," म्हणाला. मी म्हटलं, बसा, चहा घ्या. बसला नाही. बेकरीवाला दोन दिवस बोलत नव्हता. मग स्वतःच आला आणि निरीक्षकाचा फोन नंबर मागून गेला. कशाला, ते मी विचारलं नाही.

भांडारप्रमुखांनी निम्म्या चादरींचं काम परत दिलं आहे. निम्म्या दुसऱ्याकडेच राहणार. गाडीवाला गेला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही.

निरीक्षक आला. दीड आठवडा वाट बघायला लावून आला, त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे, आणि ती तू मागच्या रांगेतूनही करू शकतेस. माणूस कमी बोलणारा. सगळं उघडून बघितलं. व्हॉल्व्ह नवा, सांधे नवे. पैसे हिच्या बांगड्यांतून आले. नको म्हटलं तर म्हणाली, "मी विचारत नाहीये."

काल बॉयलर पेटवला. वाफ चढायला लागली तसा मी दारातच थांबलो. पाय आत जाईनात. तो फुसफुस आवाज रोजचाच होता. बायका आपापल्या पिशव्या ठेवून उभ्या होत्या, पण रोलरपाशी कुणी जाईना. मला वाटलं, आता एकीने पिशवी उचलली की सगळ्या जाणार.

काकूने माझ्याकडे बघितलं. "शेठ, झालं ना तपासून?"

इतकी वर्षं त्या मशीनवर उभी आहे ती, आणि हे तिने मला कधी विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी 'हो हो' म्हणून पुढे गेलो असेन.

मी म्हणालो, "झालं. या, बघा." तिला आत नेलं, नवा व्हॉल्व्ह दाखवला, दाब दाखवणारा काटा दाखवला, कुठल्या रेघेपुढे गेला की सगळ्यांनी बाहेर पळायचं ते सांगितलं. मग बाकीच्या आल्या. एकेकीने वाकून बघितलं. एकीने विचारलं, "आणि तुम्ही इथे नसलात तर?" आम्ही तिथेच उभं राहून ठरवलं, बंद करायचा खटका कुठे असतो ते प्रत्येकीला माहीत हवं. मग प्रत्येकीने तो एकदा बंद करून बघितला. सकाळचं सगळं काम त्यात गेलं.

दुपारी पहिली चादर रोलरमधून बाहेर आली. काकूने एक टोक धरलं. दुसरं धरायला कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा मी धरलं. गरम होती. सोडली नाही.

ढब्बू